लग्नाच्या दिवशीच दोष असेल तर : विवाह रद्द होण्यासंबंधी वाचकांचे प्रश्न

पोटगी आणि घटस्फोट या विषयांवर या सदरात लिहिल्यापासून एकाच आशयाची बरीच पत्रे आली आहेत. ‘आम्हाला घटस्फोट नको, लग्नच रद्द करून मिळेल का?’ असा त्यांचा सूर आहे. या मागणीमागची वेदना समजण्यासारखी आहे. परंतु विवाह रद्द करून घेणे म्हणजे घटस्फोटाची जवळची वाट, ही समजूत चुकीची आहे. घटस्फोटाच्या दाव्यात लग्नानंतर पतिपत्नींमध्ये काय घडले हे न्यायालय पाहते, तर विवाह शून्य ठरवण्याच्या अर्जात लग्न लागले त्या दिवशी परिस्थिती काय होती हे पाहते. त्या दिवशी दोष नसेल, तर पुढे संसार कितीही बिघडला तरी विवाह शून्य ठरत नाही. खालील उत्तरे प्रामुख्याने हिंदू विवाह कायदा, १९५५ यावर आधारलेली आहेत. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे; मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी विवाहांचे नियम वेगळे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

प्रश्न : माझे लग्न सहा वर्षांपूर्वी झाले. पतीचे हे दुसरे लग्न आहे, हे आम्हाला माहीत होते. पण पहिल्या पत्नीपासून सोडचिठ्ठी झाल्याचा नोटरी केलेला कागद त्यांनी माझ्या वडिलांना दाखवला होता. आता पहिल्या पत्नीने न्यायालयात धाव घेतली असून तिचे म्हणणे असे की, घटस्फोट कधी झालाच नाही. मला चार वर्षांची मुलगी आहे. माझे लग्न खरोखर बेकायदा आहे का? माझे आणि मुलीचे पुढे काय?

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेल्या सोडचिठ्ठीच्या प्रतीवर ‘आजपासून आमचा एकमेकांशी पतिपत्नी म्हणून कोणताही संबंध राहिलेला नाही, दोघांनाही पुनर्विवाह करण्यास मोकळीक आहे’ असा मजकूर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का आहे. असे कागद आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर केले जातात आणि त्यांवर विश्वास ठेवून मुली दिल्या जातात, याचे मला अतिशय वाईट वाटते. नोटरीचा शिक्का फार तर एवढेच सांगतो की, या व्यक्तींनी नोटरीसमोर सही केली. विवाह संपवण्याचा अधिकार नोटरीला नाही आणि मुद्रांक कितीही रुपयांचा असला तरी त्याने तो येत नाही.

याला अपवाद एकच आहे. काही समाजांत काडीमोडीची परंपरागत रूढी आहे आणि कायद्याच्या कलम २९ मध्ये अशा रूढीने मिळालेल्या घटस्फोटाला संरक्षण दिलेले आहे. मात्र ‘आमच्यात असे चालते’ एवढे सांगून भागत नाही. ही रूढी आपल्या समाजात फार पूर्वीपासून, अखंड आणि निश्चित स्वरूपात पाळली जात आहे, हे तिचा आधार घेणाऱ्याने पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. त्यासाठी जातपंचायतीच्या जुन्या नोंदी, समाजातील जाणत्यांच्या साक्षी, अशाच काडीमोडीनंतर झालेल्या आणि समाजाने मान्य केलेल्या पुनर्विवाहांची उदाहरणे यांची गरज पडते. आपल्या पतीच्या समाजात अशी रूढी असल्याचा उल्लेख त्या कागदात कोठेही नाही. ती सिद्ध झाली नाही, तर आपल्या लग्नाच्या दिवशी त्यांची पहिली पत्नी हयात होती आणि तो विवाह कायम होता, असाच निष्कर्ष निघेल. कलम ५ मधील पहिल्या अटीचा तो भंग असून, कलम ११ नुसार असा विवाह मुळातच शून्य असतो.

‘मुळातच शून्य’ याचा अर्थ असा की, न्यायालयाच्या हुकूमनाम्याने तो विवाह संपत नाही, तर तो कायद्याच्या दृष्टीने कधी झालाच नव्हता, हे न्यायालय फक्त जाहीर करते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात हे स्पष्ट केले. तरीही असा जाहीरनामा घ्यावा, असा माझा सल्ला असतो, कारण पुढे पारपत्र, वारसा, नोकरीतील नामनिर्देशन किंवा पुनर्विवाह अशा प्रत्येक वळणावर कोणीतरी कागद मागतेच. कलम ११ खालील अर्ज विवाहातील दोघांपैकी कोणीही करू शकते. पहिली पत्नी त्या कलमाखाली येऊ शकत नसली, तरी वैवाहिक दर्जाविषयीच्या जाहीरनाम्यासाठी ती दावा लावू शकते. त्यामुळे तिने जे केले ते तिच्या हक्कातले आहे. तिच्याविषयी मनात राग न धरता पाहिले, तर फसवणूक तिचीही झाली आहे.

अशा घरांत एक गैरसमज नेहमी आढळतो, तो येथेच दूर करतो. आता पतीने पहिल्या पत्नीपासून रीतसर घटस्फोट घेतला, तर आपले लग्न आपोआप वैध होईल, असे नाही. जे लग्न झाले त्या दिवशीच शून्य होते, त्यात नंतर जीव येत नाही. घटस्फोट अंतिम झाल्यावर आपणा दोघांची इच्छा असल्यास नव्याने विधिपूर्वक विवाह करावा लागेल.

आता मुलीविषयी. तिच्या औरसपणाला कसलाही धक्का लागत नाही. विवाह शून्य असला, न्यायालयाने तसे जाहीर केलेले असो वा नसो, त्या विवाहातून जन्मलेले अपत्य कलम १६ नुसार औरसच मानले जाते. पूर्वी प्रश्न असायचा तो वडिलोपार्जित मालमत्तेचा, कारण अशा अपत्याला केवळ आईवडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे, असे त्याच कलमात म्हटले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याचा उलगडा केला. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेची वडिलांच्या मृत्यूच्या लगतपूर्वी वाटणी झाली असे गृहीत धरल्यास वडिलांच्या वाट्याला जे आले असते, ती त्यांची मालमत्ता समजायची आणि त्यात या अपत्याला इतर वारसांप्रमाणे हिस्सा द्यायचा. मात्र ती जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेची जन्मापासूनची हक्कदार, होत नाही. म्हणजे वडील हयात असताना ती वाटणी मागू शकत नाही, तसेच काका किंवा आजोबा यांच्या हिश्श्यावर या कलमाच्या आधारे तिला हक्क सांगता येत नाही.

आपल्या स्वतःच्या पोटगीचा मार्गही बंद नाही. ज्या स्त्रीला पहिल्या लग्नाविषयी अंधारात ठेवून फसवले गेले, तिला पत्नी समजूनच निर्वाह-भत्ता द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ संदर्भात ठरवले. तीच तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. त्यापुढे १२ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की, विवाह शून्य जाहीर झाला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायम पोटगी आणि खटला चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागता येते. ती द्यायची की नाही, हे प्रकरणाची वस्तुस्थिती आणि मागणाऱ्याचे वर्तन पाहून न्यायालय ठरवते. अशा स्त्रीसाठी आपल्या उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालात ‘बेकायदा पत्नी’ अशा आशयाचे शब्द वापरले गेले होते, त्यांचाही सर्वोच्च न्यायालयाने याच निकालात निषेध केला. आपण त्या निकालातील हा भाग वकिलांकडून समजून घ्यावा. गेले वर्षभर आपण स्वतःलाच दोषी मानत आहात, असे पत्रातून दिसते. त्याला कायद्यातही आधार नाही.

फौजदारी बाजूविषयी थोडक्यात सांगतो. आपले लग्न १ जुलै २०२४ पूर्वीचे असल्याने जुनी भारतीय दंड संहिता लागू होईल. पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न केल्यास सात वर्षांपर्यंत आणि पहिले लग्न लपवून केल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद तिच्या कलम ४९४ व ४९५ मध्ये होती. दुसऱ्या पत्नीलाही ही तक्रार करता येते, असा २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. अशा खटल्यात दुसरे लग्न विधिपूर्वक लागले होते, हे सिद्ध करावे लागते. १९६५ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध न झाल्याने आरोपी सुटले होते. म्हणून लग्नपत्रिका, छायाचित्रे, लग्न लावणारे गुरुजी आणि उपस्थितांची नावे आत्ताच जपून ठेवावीत.

प्रश्न : मी मामाच्या मुलीशी लग्न केले आहे. एका परिचिताने सांगितले की कायद्याने असे लग्न रद्द होते. हे खरे आहे का?

उत्तर : कायद्याचा मूळ नियम त्यांनी बरोबर सांगितला, पण अर्धाच. भाऊ-बहिणीची मुले एकमेकांच्या निषिद्ध नातेसंबंधात येतात आणि तसा विवाह एरवी शून्य असतो. परंतु दोन्ही पक्षांच्या रूढीने तो मान्य असेल तर ही बंदी लागू होत नाही. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी महाराष्ट्रातील अनेक समाजांत सर्वज्ञात आहे. आपल्या दोन्ही घरांत, भावकीत असे विवाह पूर्वापार होत आले असतील, तर काळजीचे कारण नाही. चुलत किंवा मावस भावंडांच्या बाबतीत मात्र अशी रूढी दाखवणे फार कठीण जाते. आपण पत्राच्या शेवटी सगोत्र विवाहाविषयीही विचारले आहे. गोत्र एक असणे हा १९४६ पासूनच कायद्याने अडथळा राहिलेला नाही.

प्रश्न : लग्नाला दोन वर्षे झाली, पण आमच्यात शरीरसंबंध एकदाही आलेला नाही. पतीशी बोलण्याचा प्रयत्न केला की ते खोलीबाहेर निघून जातात. सासरचे लोक धीर धर म्हणतात, माहेरचे लोक हा विषय काढूच नको म्हणतात. मला या लग्नातून बाहेर पडायचे आहे.

उत्तर : आपण हे लिहिण्याचे धैर्य दाखवलेत. आपल्याला पडलेला प्रश्न लाजिरवाणा नाही, तो कायद्याने ओळखलेला आहे.

जाबदाराच्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज केला त्या जोडीदाराच्या, नपुंसकतेमुळे वैवाहिक संबंध प्रस्थापित झाला नसेल, तर कलम १२ खाली विवाह रद्द करून मागता येतो. येथे विवाह मुळातच शून्य नसतो. न्यायालयाने रद्द करेपर्यंत तो वैध असतो, आणि कायद्याच्या भाषेत त्याला शून्यकरणीय विवाह म्हणतात. नपुंसकता म्हणजे केवळ शारीरिक व्यंग, असे न्यायालये मानत नाहीत. मानसिक कारणाने, आणि केवळ या एकाच जोडीदाराच्या बाबतीत, संबंध अशक्य होत असेल तरी ती या कलमात बसू शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये अशाच सापेक्ष नपुंसकतेच्या आधारावर एका तरुण जोडप्याचा विवाह रद्द केला. ती दोघे लग्नानंतर अवघ्या काही दिवसांत वेगळी झाली होती आणि कौटुंबिक न्यायालयाने त्यांची विनंती सुरुवातीलाच फेटाळली होती. आपसांतील शारीरिक, मानसिक दुरावा ज्यांना सहन होत नाही अशा तरुणांच्या वेदनेकडे दुर्लक्ष करता येणार नाही, ही त्या निकालामागची भूमिका मला फार महत्त्वाची वाटते.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. असमर्थता वेगळी आणि समर्थ असून हट्टाने दिलेला नकार वेगळा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये केवळ नकार हे विवाह रद्द करण्याचे कारण नाही. तेथे क्रूरतेच्या आधारे घटस्फोटाकडे वळावे लागते. आपला विवाह विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी पद्धतीने झाला असता, तर जाणूनबुजून दिलेला नकारही पुरेसा ठरला असता. आपल्या प्रकरणात यांपैकी काय आहे हे आपल्यालाही आज ठाऊक नसेल, म्हणून एकाच अर्जात रद्दतेची आणि पर्यायी घटस्फोटाची अशा दोन्ही मागण्या कराव्यात. न्यायालय जाबदाराला वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते आणि त्यांनी तो विनाकारण टाळला, तर त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकते. कलम २२ नुसार ही सुनावणी बंद दाराआड होते आणि तिची माहिती छापण्यास मनाई आहे. त्यामुळे गावभर चर्चा होईल, ही माहेरच्यांची भीती न्यायालयाच्या दालनापुरती तरी बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्न : लग्नानंतर तीन महिन्यांनी पत्नीच्या कपाटात मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी सापडली. तिच्यावर लग्नाआधीपासून उपचार सुरू होते आणि ही गोष्ट तिच्या आईवडिलांनी आमच्यापासून लपवली. त्यानंतर पाच-सहा महिने आम्ही एकत्र राहिलो, आता ती माहेरी आहे. चिठ्ठी सापडल्याला अकरा महिने झाले. माझ्या नावापुढे ‘घटस्फोटित’ लागू नये म्हणून मला लग्न फसवणुकीच्या कारणावरून रद्द करून हवे आहे.

उत्तर : जोडीदाराविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असेल, तर कलम १२ खाली विवाह रद्द होऊ शकतो. परंतु या कारणाला कायद्याने दोन कुंपणे घातली आहेत. पहिले, फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. दुसरे, फसवणूक कळल्यानंतर अर्जदार आपल्या पूर्ण संमतीने जोडीदाराबरोबर पतिपत्नी म्हणून राहिला असेल, तर अर्ज चालत नाही. आपल्या हाती पहिल्या मुदतीतला जेमतेम महिना उरला आहे; दुसरे कुंपण मात्र आपण बहुधा ओलांडलेले आहे. चिठ्ठी सापडल्यावर पाच-सहा महिने एकत्र राहिलो, हे आपण स्वतःच लिहिले आहे आणि पत्नीच्या कैफियतीत (अर्जाला दिलेल्या लेखी उत्तरात) पहिला मुद्दा हाच असेल. त्या काळात आपण केवळ एका छताखाली होतात की पतिपत्नी म्हणून नांदत होतात, याचा पुरावा निर्णायक ठरेल.

याच कलमात मानसिक विकाराचे वेगळे कारण आहे आणि त्याला वरील एक वर्षाची मुदत नाही. मात्र त्यासाठी विवाहाच्या वेळी तो विकार अशा प्रकारचा किंवा इतक्या प्रमाणात होता की व्यक्ती विवाहास आणि अपत्योत्पत्तीस अयोग्य ठरावी, असे सिद्ध करावे लागते. एखाद्या आजाराचे नाव चिठ्ठीवर लिहिलेले असणे पुरेसे नाही. आजाराची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली घटस्फोटाच्या एका प्रकरणात सांगितले आहे. आपल्या पत्रात पत्नी नोकरी करते, घर सांभाळते आणि गोळ्या नियमित घेते, असा उल्लेख आहे. अशा स्त्रीला न्यायालय विवाहास अयोग्य ठरवेल, असे मला वाटत नाही, आणि ठरवू नये, असेही मी स्पष्टपणे म्हणेन. १९९९ पर्यंत अपस्माराचे वारंवार येणारे झटके हेही या कायद्यात विवाहातील वैगुण्य मानले जात होते. संसदेने ते वगळले, कारण उपचाराने आटोक्यात राहणारा आजार माणसाला संसारास नालायक करत नाही.

तिच्या आईवडिलांनी गोष्ट लपवली ही त्यांची चूक आहे आणि आपला राग रास्त आहे. तरीही ‘घटस्फोटित’ हा शब्द टाळण्यासाठी न्यायालयात पत्नीच्या आजाराचे कागद उलगडून तिच्या क्षमतेवर साक्षी-पुरावे घेणे, ही किंमत मला फार मोठी वाटते. तिच्याशी, तिच्या डॉक्टरांच्या उपस्थितीत, एकदा मोकळेपणाने बोलावे. दोघांनाही वेगळे व्हायचे असेल, तर वेगळे राहून एक वर्ष पूर्ण झाल्यावर परस्पर संमतीने घटस्फोट घेता येतो. त्यानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला २०१७ च्या निकालापासून आहे. फसवणुकीच्या अर्जाचा विचार आपण सोडणार नसाल, तर मुदत संपण्याआधी वकिलांना भेटावे. एवढे सांगणे माझे कर्तव्य आहे.

प्रश्न : सदनिकेच्या कर्जासाठी आम्ही दोघांनी हार घालून फोटो काढला आणि एका मध्यस्थामार्फत विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मिळवले. विधिवत लग्न नंतर करायचे ठरले होते, ते झालेच नाही. आता आम्ही वेगळे झालो आहोत. आम्ही विवाहित आहोत का?

उत्तर : हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी ही झालेल्या विवाहाचा पुरावा असते, नोंदणीने विवाह होत नाही. कलम ७ नुसार दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाला पाहिजे. सप्तपदी हा त्याचा एक प्रकार आहे, आणि बौद्ध पद्धतीसारख्या इतर प्रस्थापित पद्धतींनाही तितकेच स्थान आहे. विधी न होताच प्रमाणपत्र घेतलेल्या एका जोडप्याचा विवाह कायद्याच्या दृष्टीने झालाच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आणि त्यांची प्रमाणपत्रेही निरर्थक ठरवली. तरीही आपण प्रमाणपत्र फाडून मोकळे होऊ नये. शासकीय दप्तरात आपण विवाहित आहात, म्हणून विवाह झालेला नाही असा जाहीरनामा न्यायालयाकडून मिळवावा आणि तोवर दोघांपैकी कोणीही दुसरे लग्न करू नये. खोटी माहिती देऊन नोंदणी केल्याचा प्रश्नही त्यात उपस्थित होईल, याची तयारी ठेवून वकिलांना सारे खरे सांगावे.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षिका आहे. आमच्याकडे शिकून गेलेल्या एका मुलीचे दहावीनंतर, सोळाव्या वर्षी लग्न लावून दिले. आता ती एकोणीस वर्षांची आहे, सासरहून परत आली असून तिला पुढे शिकायचे आहे. आईवडील म्हणतात, लग्न झाले ते झाले. तिच्यासाठी काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि वेळ थोडा आहे.

बालविवाह बेकायदा असला तरी तो बहुतेक वेळा आपोआप शून्य होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ च्या कलम ३ नुसार ज्या पक्षाचे विवाहाच्या वेळी कायदेशीर वय पूर्ण नव्हते, त्याला तो रद्द करून मागता येतो. मुलीला पळवून, फसवून, जबरदस्तीने किंवा विकून लग्न लावले असेल, तर याच २००६ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार तो मुळातच शून्य असतो, म्हणून लग्न कसे ठरले हे तिला विश्वासात घेऊन विचारावे. कलम ३ चा अर्ज सज्ञान झाल्यापासून दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आत करावा लागतो. म्हणजे तिला वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत. तो दिवस उलटला, तर हा दरवाजा बंद होतो आणि तिला इतर कोणाही विवाहित स्त्रीप्रमाणे घटस्फोटाची कारणे सिद्ध करत बसावे लागते. हिंदू विवाह कायद्यात बालवधूला लग्न नाकारून घटस्फोट घेण्याची सोय आहे, पण ती पंधरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांसाठी, आणि तो नकार अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी द्यावा लागतो. या मुलीला ती उपयोगी नाही.

या अर्जासाठी आईवडिलांच्या परवानगीची गरज नाही. ती सज्ञान आहे, अर्ज स्वतःच्या सहीने करू शकते. ती तीन वर्षे सासरी राहिली, शरीरसंबंध आला किंवा मूल झाले, तरी हा हक्क जात नाही. सासरच्यांचा छळ सिद्ध करण्याचीही आवश्यकता नाही. लग्नाच्या दिवशी तिचे वय काय होते, एवढा एकच प्रश्न न्यायालयापुढे असतो. म्हणून दोन गोष्टींचे कागद गोळा करावेत. वयासाठी जन्मनोंदीचा उतारा, दहावीचे प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला; लग्नाच्या तारखेसाठी पत्रिका, छायाचित्रे, मंगल कार्यालयाची पावती, मोबाइलमधील चित्रफिती. आपल्यासारख्या शिक्षिकेची साक्षही मोलाची ठरेल, कारण हजेरीपटावरून ती मुलगी वर्गात यायची कधी थांबली, हे आपल्याला सांगता येईल.

विवाह रद्द करताना न्यायालय दोन्ही बाजूंना एकमेकांचे पैसे, दागिने आणि भेटवस्तू परत करण्याचा आदेश देते. मुलीला पुनर्विवाह होईपर्यंत निर्वाह-खर्च आणि राहण्याची सोय देण्याचा आदेशही बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम ४ खाली होऊ शकतो. मुलगा त्यावेळी अज्ञान असेल तर ती जबाबदारी त्याच्या पालकांवर येते. अशा विवाहातून मूल असेल तर ते औरस ठरते.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. आईवडील किंवा सासरचे लोक तिला पुन्हा जबरदस्तीने पाठवण्याचा प्रयत्न करतील, अशी शंका असेल तर ती वकिलांना पहिल्याच भेटीत सांगावी, म्हणजे संरक्षणाची मागणीही त्याच वेळी करता येईल. तिच्या विसाव्या वाढदिवसाची तारीख आपण पत्रात दिलेली नाही. ती आज पाहावी आणि कागद सगळे जमण्याची वाट न बघता या आठवड्यातच तिला घेऊन प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. उरलेले कागद नंतर दाखल करता येतात, गेलेली मुदत परत मिळत नाही.